जोंगाच्या तेलाचा खड्डा

दुपारची सामसूम होती. उत्कर्षा एकदाची झोपली होती. शालूबाई सोप्यात हाताची उशी करून लवंडल्या होत्या. लेकीला थोपटता थोपटता संयोगिता स्वतःच पेंगायच्या बेतात होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ‘टण्ण’ असा आवाज आला. तव्यावर काहीतरी लोखंडी पडल्यासारखा.

ती दबक्या पावलांनी आत गेली. गॅस पेटलेला, गॅसवर भाकरीचा तवा, आणि तव्यात सहा स्पार्क प्लग गोल मांडून तिचे सासरे जोतीराम, म्हणजे सगळ्या गावाचे आबा, चिमट्यानं एकेक प्लग उलटत उभे होते. वांगी भाजावीत तसे.

“आबा!”

“श्श. पोरगी उठंल.”

“भाकरीचा तवा आहे तो.”

“मग? प्लग भाजलं म्हणून तवा रुसतोय व्हय? काजळी जळून जाती. फौजेत आमी मेसच्या तव्यावर भाजायचो. कुक शिव्या द्यायचा, पर च्या बी द्यायचा.”

“म्हणजे आता मीही शिव्या देऊन चहा द्यायचा?”

“शिव्या ऱ्हाऊ दे आजच्या दिवस,” आबा म्हणाले, आणि शेवटचा प्लग उजेडाकडं धरून एक डोळा मिटून असा न्याहाळला, जसा सोनार नथीतला मोती बघतो.

संयोगितानं चहा टाकला. दुसरा उपाय नव्हता. येत्या रविवारी सांगलीला जुन्या गाड्यांचा मेळावा होता, आणि यंदा रांगेत पहिली गाडी आबांची जोंगा असणार होती.

जोंगा म्हणजे फौजेतली जुनी गाडी. जीपची थोरली बहीण म्हणा. रुंद नाक, शेवाळी रंग, सहा सिलिंडरचं इंजिन, आणि पेट्रोल तर अशी पिते की पंपावरचा माणूस उठून उभा राहतो. आबांनी फौजेत बावीस वर्षं गाड्या हाकल्या, त्यातली चौदा जोंगावर. हवालदार होऊन घरी आले, दोन वर्षं उसात पाणी पाजत बसले, आणि एक दिवस फौजेच्या लिलावातून एक जोंगाच घेऊन दारात उभे राहिले. लोकांनी विचारलं, ट्रॅक्टर का नाही घेतला? आबा म्हणाले, “ट्रॅक्टरला सलाम कोन करतंय?”

त्याला आता पंचवीस वर्षं झाली. कराडपासून पार ताकारीपर्यंत ज्या कुणा हौशी माणसाकडं जुनी जीप, जुनी मोटार असेल, तो आबांच्या शेडमध्ये यायचाच. आबा सगळ्यांच्या गाड्यांना हात लावायचे आणि कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. फार तर एखाद्यानं गुळाची ढेप आणून ठेवली, तर तिला नाही म्हणायचे नाहीत.

शालूबाईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणायच्या, “माझं गुडघं करकरत्यात तर म्हणं वयाचं हाय. आन् गाडीचं दार करकरलं की ह्यांचा डोळ्याला डोळा लागत न्हाई.” पण मेळाव्याच्या आदल्या दिवशी जोंगाच्या सीटांना खोळी त्याच शिवायच्या.

संयोगिताचं माहेर सांगलीचं. लग्न करून या घरात आली तेव्हा तिलाही वाटायचं, काय हे खूळ. मग २०१९चा महापूर आला. राजवर्धन, तिचा नवरा, तिकडं जोधपूरला फौजेत. ओढ्यावरच्या पुलावर मांडीभर पाणी, आणि हिला मध्यरात्री कळा सुरू झालेल्या. पहाटे एकही गाडी पाण्यात उतरायला तयार होईना. आबांनी जोंगा काढली. हिला मागच्या सीटवर आडवं घातलं, शालूबाईंच्या मांडीवर डोकं, अंगावर आबांचा तेलकट सदरा, कारण घाईत दुसरं काही हाताला लागलं नाही. पाण्यात गाडी घातल्यावर आबा सबंध वाट बोलत होते. हिच्याशी नव्हे, गाडीशी. “चल बाये. हळू चल. आज लय मोठा माल हाय आपल्याकडं.” तासाभरानं कराडच्या दवाखान्यात उत्कर्षा जन्मली. तेव्हापासून पेट्रोल, ऑइल आणि घामाचा तो मिसळलेला वास आला की संयोगिताला आपोआप वाटायचं, आता काही काळजी नाही.

नातीच्या बारशादिवशी आबांनी जाहीर केलं होतं, जोंगा उत्कर्षाची. कुणी हसलं, पण आबा हसले नाहीत. त्यांनी एक दोनशे पानी वही केली. तिच्यावर नातीचं नाव, आणि आत गाडी कशी सांभाळायची ते आबांच्या ठसठशीत अक्षरात. ‘पहिलं : गाडीभोवती एक फेरी मार. खाली तेल सांडलंय का बघ. दुसरं : गार इंजिन चालू करायला चोक ओढ. तिसरं : घाई करू नको, ती म्हातारी आहे.’ उत्कर्षाला वाचायला येऊ लागल्यापासून ती हे धड्यासारखं म्हणायची.

आबांची आणखी एक रीत होती. अमावास्येला या भागात बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आबांकडं बैल नव्हते. ते अमावास्येला जोंगाला विसावा द्यायचे, आणि तेल बदलायचं असेल तर त्याच दिवशी. ते बघून बाकीचे हौशीही अमावास्येलाच गाड्या घेऊन यायला लागले. चार-पाच गाड्यांचं जळकं तेल त्या दिवशी निघायचं, काळं, डांबरासारखं. रस्त्याकडेच्या एखाद्या गॅरेजवाल्यानं असं तेल गटारात सोडलेलं दिसलं की आबांचा तोल जायचा. “आरं, गटार जातंय वढ्याला, वढा जातोय कृष्णंला. माईच्या तोंडाला डांबर फासतोस व्हय रं?”

म्हणून आबांनी शेडच्या मागं खड्डा केला होता. असा तसा नव्हे. फौजेत सांडपाणी मुरवायला करतात तसा शिस्तीचा शोषखड्डा : पुरुषभर खोल, तळाला दगड, वर खडी, वर वाळू, तोंडावर लोखंडी झाकण, कडेनं तिरक्या विटा, एक चुन्याची, एक गेरूची. झाकण उघडायचं, तेल ओतायचं, झाकण लावायचं. पंचवीस वर्षांत बाहेर एक थेंब सांडला नव्हता. पाहुण्यांना जोंगा दाखवून झाली की आबा खड्डा दाखवायचे. जे सांडपाण्याला लागू, तेच तेलाला लागू, असं त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि आबांनी काही धरलं की ते नट आवळल्यासारखं पक्कं. झाकणाखाली ते तेल पुढं कुठं जातं, हे ना त्यांनी कुणाला विचारलं, ना त्यांना कुणी.

शेडपासून जमीन जरा उताराची होती. आणि उताराच्या खालच्या अंगाला, तीस पावलांवर, घरची विहीर होती.

मंगळवारी संयोगिता विहिरीवर कपडे धूत होती. विहिरीवरची मोटार महिन्यापासून दुरुस्तीला गेलेली, म्हणून पाणी रहाटानं ओढायचं. फाल्गुन लागला होता, पाणी तळाकडं सरकलं होतं. उत्कर्षा बादलीत हात घालून चुबुकचुबुक करत होती.

“आई, बघ! पाण्यात मोराचं पीस!”

“हं.”

“बघ ना गं!”

संयोगितानं वळून बघितलं. बादलीतल्या पाण्यावर निळं, हिरवं, जांभळं असं काहीतरी हलत होतं. पोरीनं बोट फिरवलं की पीस मोडायचं, बोट काढलं की परत जुळायचं. किती सुंदर, असं तिच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिनं खाली वाकून वास घेतला.

आबांच्या सदऱ्याचा वास.

“बाळा, हे पाणी प्यायलीस का तू?”

“आज नाही.”

“आज नाही म्हणजे?”

“काल प्यायले. परवा पण. तहान लागली की पिते मी.” उत्कर्षानं ओंजळ करून दाखवली. “असं.”

संयोगितानं बादली ओतून दिली. दुसरी ओढली. तिच्यातही पीस. तिसरी ओढली. हात दुखायला लागले तशी ती काठावर बसली आणि मान वर करून उताराकडं बघत राहिली. चुन्याची वीट, गेरूची वीट, चुन्याची वीट. बेंदराला रंगवलेल्या बैलाच्या शिंगांसारखी चकचकीत.

प्यायचं पाणी तिनं त्याच दिवशी बदललं. आता फक्त ग्रामपंचायतीच्या नळाचं, तेही उकळून. विहिरीकडं एकटं जायचं नाही अशी लेकीला तंबी दिली. पण आबांना सांगायला तिची जीभ उचलेना. बुधवारी सकाळी ती ठरवून शेडकडं गेली, तर आबा जोंगाचं नाक पुसत गुणगुणत होते. तिला बघून म्हणाले, “संयोगिता, ही साठ-सत्तर वर्सं अजून चालंल बघ. उत्कर्षाच्या नातवंडांनी बी हिच्यात बसावं, आशी ठेवून जातो मी.” ती तशीच माघारी आली.

गुरुवारी तिनं शालूबाईंना सांगितलं. दोघी गवार निवडत बसल्या होत्या.

“आत्याबाई, विहिरीच्या पाण्यावर तवंग येतोय. तेलाचा.”

शालूबाईंनी मान वर केली नाही. गवारीची शीर ओढत म्हणाल्या, “ठावं हाय मला.”

“तुम्हाला ठाऊक आहे?”

“गेल्या उनाळ्यापासनं म्हस त्या पाण्याला तोंड लावत न्हाई. ह्ये म्हणलं, म्हस माजलीया, लय नखरं करती. मी पाणी हुंगलं. चाळीस वर्सं ह्यांचं कपडं धुतीया, मला कळत न्हाई व्हय त्यो वास? तवापासनं म्हशीला नळाचं दावती. ह्यांनी इचारलं तर म्हणती, इरीचं हाय.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू का न्हाई सांगितलंस?” शालूबाई म्हणाल्या. “मंगळवारधरनं तोंड शिवून हिंडतीस. मला दिसत न्हाई व्हय?”

शालूबाईंनी गवारीचं ताट बाजूला सारलं. “त्या माणसाला दुसरं काय हाय गं? सकाळी उठलं की ती गाडी आन् त्यो खड्डा. जगात एक गोष्ट आपुन नीट केली, आसं त्येंला वाटतंय. ती बी चुकली म्हणून कोन सांगायचं?”

“पण उत्कर्षा ते पाणी प्यायलीय, आत्याबाई.”

शालूबाईंनी ताट परत पुढं ओढलं, पण शेंगेला हात लावला नाही. मग एवढंच म्हणाल्या, “ह्यो मेळावा हुंदे. सोमवारी सांगू. दोगी मिळून.”

तसं ठरलं. आणि शुक्रवारी लालासाहेब आले.

लालासाहेब म्हणजे सांगलीचे हळदीचे व्यापारी, मेळाव्याचे कर्तेधर्ते. दुधी रंगाची त्यांची जुनी फियाट दारात थांबली की आधी त्यांचं पोट उतरायचं आणि मग लालासाहेब. आल्या आल्या त्यांनी अंगणातल्या खाटेवर बसकण मारली.

“वहिनी, पाणी द्या. आबा, यंदा एक लचांड झालंय. मैदानाच्या परवानगीला गेलो, तर तिथल्या बाईंनी विचारलं, तुमच्या या जुन्या गाड्यांचं धूर-बीर, तेल-बील, याचं काय करता? पुढच्या पिढीला हेच देणार काय? घ्या! आता काय सांगायचं? मी म्हटलं, बाई, आमच्यात एक फौजी माणूस आहे. त्यांच्याइतकी शिस्त तुमच्या हापिसातही नाही.”

“मग?” आबांनी मिशीवर हात फिरवला.

“मग काय, रविवारी तुम्ही बोलायचं. माईकवर. तुमचा तो खड्डा सगळ्यांना समजून सांगायचा. चाळीस गाड्या येणार आहेत. प्रत्येकानं आपापल्या घरी तसाच खड्डा करायचा, अशी मी घोषणाच करणार. चाळीस गाड्या, चाळीस खड्डे! फोटो काढून बाईंना पाठवून देतो.”

आबा उठून उभेच राहिले. “चला, माप दावतो. लिहून घ्या. वाळू नदीची पायजे, क्रशरची न्हाई चालत.”

पाण्याचा तांब्या हातात धरून संयोगिता दारात उभी होती. चाळीस खड्डे. तिच्या डोळ्यांपुढं चाळीस विहिरी आल्या, चाळीस बादल्या, आणि प्रत्येक बादलीत हात घालून बसलेलं कुणाचं तरी पोर. तिनं शालूबाईंकडं बघितलं. शालूबाईंनी डोळे मिटून मान हलवली. जा, असं.

तांब्या लालासाहेबांच्या हातात देऊन ती विहिरीवर गेली. एक बादली ओढली. अंगणात आणून बरोब्बर उन्हात, दोघांच्या मधे ठेवली.

“आबा, जरा हे बघता?”

आबांनी बघितलं. आधी काही कळल्यासारखं दिसलं नाही. मग म्हणाले, “मोटारीचं तेल गळत आसंल.”

“मोटार महिना झाला दुरुस्तीला आहे, आबा.”

“मग वरनं कायतरी पडलं आसंल. पाखरू-बिखरू.”

लालासाहेबांनी तोंडाला लावलेला तांब्या हळूच खाली ठेवला.

आबा उकिडवे बसले. बादलीत दोन बोटं बुडवली. ती अंगठ्यावर घासली, इंजिनातली तेल मोजायची कांडी बघताना घासायचे तशी. बोटं नाकाशी नेली. एकदा. परत एकदा. संयोगिताला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“ह्ये माझंच हाय,” आबा म्हणाले.

“आबा, तसं नाही, थोडंफार…” लालासाहेब चाचरले.

“लालासाब, मला इंजिनात काय चाललंय ते वासावरनं कळतंय. आन् ह्ये कळणार न्हाई व्हय?” त्यांनी संयोगिताकडं बघितलं. “पोरगी प्यायली का?”

खोटं बोलावं असं तिच्या ओठावर आलं होतं. “हो,” ती म्हणाली. “तशी बरी आहे ती. उद्या डॉक्टरांना दाखवून आणते.”

आबा उठले, शेडमागं गेले. खड्ड्याचं झाकण नीट लागलंय का बघितलं, लागलेलंच होतं, तरी परत दाबलं. आणि त्या रंगवलेल्या विटांशेजारी जमिनीवर बसून राहिले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

शनिवारी सकाळी ते चहालाही आले नाहीत. संयोगिता उत्कर्षाला घेऊन दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, सध्या काही दिसत नाही, पण ते पाणी बंद करा. परत आली तर अंगणात आबांचा आवाज ऐकू येत होता.

“…भंगारवाल्याला फोन लावलाय. संध्याकाळी ईल. त्येला जोंगा देऊन टाकतो.”

“का म्हणून?” शालूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या.

“का म्हणून काय? तिच्यापायी समदं झालं.”

“तिच्यापायी?” शालूबाईंनी पदर खोचला. “आवं, खड्डा काय जोंगानं खणला? तिला काय हात हायती? तुमी खणला, तुमी वतलं, आन् सजा तिला व्हय? फौजेत आसाच न्याय हुता का तुमच्या?”

आबा बघतच राहिले. पंचवीस वर्षांत शालूबाई गाडीच्या बाजूनं कधी बोलल्या नव्हत्या.

“मग काय करू मी?” ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज उत्कर्षाएवढा.

“जे घातलंय ते काढा,” शालूबाई म्हणाल्या. “मी पाटी आणती.”

तर अशी ती खणती सुरू झाली. आबांनी आधी विटा काढल्या, एकेक करून, पांढरी आणि लाल. मग झाकण. मग वाळू, जी वाळू राहिली नव्हती. काळं, चिकट काहीतरी झालं होतं, खोऱ्याला धरून बसणारं. आबा आत, संयोगिता काठावर, शालूबाई पाटी घेऊन, आणि उत्कर्षा खताच्या रिकाम्या पोत्यांची तोंडं धरून. सदरा काढलेल्या आबांच्या पाठीवर घाम आणि तेल एकत्र चकाकत होतं.

“आबा, तुम्ही जोंगासारखे दिसताय,” उत्कर्षा म्हणाली.

कालपासून आबांच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. “मग चोक वढ माझा.”

तिनं त्यांचा कान ओढला.

पुरुषभर खणून झालं तरी माती काळीच. आबा आणखी खाली गेले. दगड काढले, मुरूम लागला. मुरमातही काळं. मग त्यांना दिसलं, ते काळं सरळ खाली जातच नव्हतं. हाताच्या रुंदीएवढी एक काळी शीर मुरमातून तिरकी निघाली होती, उताराच्या दिशेनं. आबांनी तिचा माग काढत दोन हात खणलं. वर शेडचा खांब कलायला लागला, तशी संयोगिता ओरडली, “आबा, बास!”

ते थांबले. खड्ड्यात उभ्या उभ्या त्यांनी त्या शिरेवर तळहात ठेवला, गाय तपासताना ठेवतात तसा.

“मी वरनं झाकण लावत हुतो,” ते म्हणाले. “आन् ही खालनं चालत हुती.”

एकतीस पोती भरली. संध्याकाळी भंगारवाला आला, त्याला शालूबाईंनी चहा पाजून रिकामा परत पाठवला.

रविवारी सगळे जोंगातून सांगलीला गेले. आबा म्हणाले होते, जाऊ नये. संयोगिता म्हणाली, “तुम्ही गेला नाहीत तर लालासाहेब चाळीस खड्डे खणायला लावतील.” मग ते मुकाट उठले. मागच्या सीटवर त्यांनी विहिरीच्या पाण्यानं भरलेली एक काचेची बरणी ठेवली आणि मातीचं एक पोतं. उत्कर्षा त्या पोत्यावर हात ठेवून बसली, कुणी पाहुणा बरोबर न्यावा तशी.

मैदानावर काय थाट! लाल, निळ्या, दुधी गाड्या, पितळी भोंगे, फेटे, मोबाइल उंच धरलेली पोरं. जोंगा शिरली तशा टाळ्या झाल्या. लालासाहेबांनी माईक आबांच्या हातात दिला आणि कानात म्हणाले, “काहीतरी गोड बोला आबा. लोक सुट्टीला आलेत.”

आबांनी बरणी जोंगाच्या नाकावर ठेवली. ऊन पडलं तसे तिच्यात रंग हलले. एक-दोघांनी फोटोही काढला.

“छान दिसतंय न्हवं?” आबा माईकवर म्हणाले. “माझ्या नातीला वाटलं, मोराचं पीस हाय. ह्ये माझ्या इरीचं पाणी हाय. पंचवीस वर्सं मी ह्या गाडीचं आन् तुमच्यातल्या लय जणांच्या गाडीचं जळकं तेल शिस्तीत जमिनीत घातलं. गटारात सोडणाऱ्यांस्नी शिव्या दिल्या. त्येंच्यात आन् माझ्यात एवढाच फरक, त्येंनी उघड्यावर केलं, मी झाकण लावून केलं.” ते थांबले. जोंगाच्या नाकावर हात ठेवला. “ही गाडी मी नातीसाठी सांबाळली. एकेक नट पुसून. पर तिला गाडीच्या आदी पाणी लागंल, ह्ये काय माझ्या टकुऱ्यात आलं न्हाई. तुमी शाणी माणसं. आपापल्या घरी जाऊन बगा, तुमचं तेल कुठं जातंय. बस, एवढंच.”

मैदानात कुणी टाळी वाजवली नाही. मग पाटणकडून जुनी जीप घेऊन आलेले आकाराम म्हणून एक गृहस्थ होते, ते हळूच म्हणाले, “मी वाळवी लागू नये म्हणून बांधाला ओततो.” दुसरा म्हणाला, “आमच्यात म्हशीच्या खुराला लावत्यात.” लालासाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. “माझं तेल ड्रायव्हर बदलून आणतो. तो त्याचं काय करतो, मला ठाऊक नाही. वीस वर्षं विचारलं नाही.”

मग गलका झाला. भांडणं झाली. कुणीतरी म्हणालं, जळकं तेल साफ करून परत वापरात आणणारे कारखाने असतात, त्यांची परवानगी असलेली माणसं येऊन पिंपं घेऊन जातात. लालासाहेबांना एकदम स्फुरण चढलं. घोषणेशिवाय त्यांना करमायचंच नाही. “ठरलं! दर अमावास्येला माझा टेम्पो गावोगाव फिरेल. एक थेंब जमिनीत जाणार नाही. आबा, तुमच्या शेडमध्ये पहिलं पिंप!” आणि गाड्या उगाच हिंडवायच्या नाहीत, वर्षातून मोजक्या वेळा काढायच्या, असंही कुणी म्हणालं. त्यावर बराच वाद झाला आणि तो तसाच राहिला.

आबांनी फक्त मान हलवली. पण दुपारी जेवणाच्या पंगतीत त्यांनी दोन वेळा आमटी मागून घेतली, आणि शालूबाईंनी संयोगिताला कोपरानं ढोसलं.

पंगत उठल्यावर संयोगिता जोंगाशी आली. उत्कर्षा मागच्या सीटवर पाय हलवत बसली होती, पोत्याला टेकून. पोत्याच्या शिवणीतून थोडं काळं पाझरून खोळीला लागलं होतं. शालूबाईंनी काल रात्रीच शिवलेल्या त्या खोळीला. संयोगितानं लेकीला उचलून कडेवर घेतलं. आता ती कडेवर मावायची नाही, तरी घेतलं. तिचे हात बघितले, तळवे, बोटांची पेरं. केसांचा वास घेतला.

“आई.”

“काय गं?”

“आता आबा तेल पिंपात ठेवणार ना?”

“हो.”

“आणि ते काका घेऊन जाणार?”

“हो. ते त्याचं परत चांगलं तेल करतात.”

उत्कर्षानं थोडा विचार केला. आईच्या खांद्यावरून तिनं वाकून पोत्याकडं बघितलं.

“आणि ही माती? घरी अजून तीस पोती आहेत. आपल्या विहिरीजवळ नको म्हणून आपण काढली ना?”

“हो बाळा.”

“मग ती आता कुणाच्या विहिरीजवळ ठेवायची?”